पाव किलोचा हिशेब

एम१६ घराण्यातल्या एखाद्या रायफलीची नळी दहा हजार गोळ्या झाडून निकालात निघाली, असं धरू. ठिणगी पडल्यापासून गोळी नळीच्या तोंडाबाहेर पडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. दहा हजारांना त्यानं गुणलं की उत्तर येतं दहा सेकंद. ज्या कामासाठी ती नळी घडवली, कोरली, तपासली, ते काम तिनं अख्ख्या आयुष्यात मिळून दहा सेकंद केलं.

हे दहा सेकंद सरळ रेषेत पार पाडण्याची जबाबदारी जेमतेम पाव किलो वजनाच्या ॲल्युमिनियमच्या एका तुकड्यावर असते. त्याचं नाव अपर रिसीव्हर. रायफल हाताळणारे नुसतं ‘अपर’ म्हणतात. या घराण्यातली रायफल दोन भागांत उघडते. खालच्या भागात घोडा, मॅगझिन आणि दस्ता; वरच्या भागात पुढे नळी, आत मागेपुढे सरकणारा बोल्ट आणि त्याचा कॅरिअर, डोक्यावर दुर्बीण किंवा माशी बसवायची पट्टी. दोन्ही भाग दोन पिनांनी जोडलेले. काळ्या, मंद चकाकीचे दोन अपर शेजारी ठेवले, तर सराईत डोळ्यालाही फरक सांगता येत नाही. फरक असतो तो मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. चांगला अपर कोणता, हे ठरवायचं तर आकड्यांच्या वाटेनंच जावं लागतं, आणि ही वाट फार विलक्षण आहे.

एका मिलिसेकंदाच्या आत

५.५६ मिमी नाटो काडतुसातली गोळी चार ग्रॅमची. याच घराण्यातल्या एम४ कार्बाइनची नळी ३६८ मिमी, हातभरही नाही. एवढ्याशा अंतरात ती गोळी शून्यापासून सेकंदाला सुमारे ९०० मीटर, म्हणजे ताशी ३,२०० किलोमीटरहून जास्त वेग घेते. त्यासाठी लागणारं सरासरी त्वरण काढलं तर ते गुरुत्वाकर्षणाच्या लाखपटीहून अधिक भरतं. अंतराळात झेपावणारा माणूस तीन-चार पटींनीच खुर्चीत दाबला जातो.

वेगासोबत फिरकीही आली. नळीच्या आत कोरलेल्या सर्पिल खाचा दर सात इंचांना, म्हणजे १७८ मिमीला, एक पूर्ण वळसा घेतात. त्यामुळे बाहेर पडणारी गोळी स्वतःभोवती सेकंदाला पाच हजार गिरक्या घेत असते. मिनिटाचा हिशेब केला तर तीन लाख. मोटारीचं इंजिन सहा हजारांवर किंचाळायला लागतं, त्याच्या पन्नासपट.

हे सगळं घडवणारा वायूचा दाब ४३० मेगापास्कलपर्यंत जाऊ शकतो. नाटोच्या चाचणीपद्धतीत या काडतुसाची ती कमाल मर्यादा आहे. आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाची ही ४,२०० पट झाली. पृथ्वीवरची सर्वांत खोल जागा, प्रशांत महासागरातली मेरियाना गर्ता, तिच्या तळाशी पाण्याचा दाब हवेच्या सुमारे १,१०० पट असतो. रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, जवळपास त्याच्या चौपट.

दाब गोळीला पुढे ढकलतो तसाच काडतुसाच्या बुडाला मागे रेटतो. बुडाचा व्यास साडेनऊ मिमीच्या आसपास. एवढ्याशा चकतीवर दोन ते तीन टनांचा रेटा येतो, आणि तो बोल्टच्या सात दातांनी अडवायचा असतो. प्रत्येक दाताच्या वाट्याला काही शे किलो.

मग ॲल्युमिनियम टिकतं कसं?

कारण हा रेटा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बोल्टचे दात अपरमध्ये अडकत नाहीत. ते अडकतात नळीच्या मागच्या टोकाला घट्ट बसवलेल्या पोलादी कड्यात, बॅरल एक्स्टेन्शनमध्ये. नळी, कडं आणि बोल्ट मिळून पोलादाचा बंद डबा होतो आणि टनांचा हिशेब त्या डब्यातच फिटतो. बोल्ट थेट नळीला जखडण्याची ही युक्ती मेल्विन जॉन्सन यांनी आपल्या १९४१च्या रायफलीत वापरली होती. आर्मालाइटच्या यूजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकात तिच्यावर हलक्या रायफलीचं अख्खं घराणं उभं केलं. आर्मालाइट ही फेअरचाइल्ड या विमान बनवणाऱ्या कंपनीची शाखा होती, त्यामुळे विमानातला हलका धातू त्यांच्या हाताशीच होता. १९५९ साली कोल्ट कंपनीनं त्या रायफलीचे हक्क विकत घेतले.

अपर पारखणाऱ्यानं ही रचना मनात पक्की ठेवायला हवी. अपर ‘मजबूत’ आहे का, हा पहिला प्रश्न नव्हेच. अपरचं काम ओझं वाहण्याचं नाही, रेषा राखण्याचं आहे. नळी, बोल्ट आणि नजरेची रेघ या तिघांना त्यानं एकमेकांशी समांतर ठेवायचं, पहिल्या गोळीला आणि दहा हजाराव्या गोळीलाही. त्याच्या दर्जाचं प्रत्येक माप या एका कामाकडे जातं.

आणि हे काम तो थरथरत्या अवस्थेत करतो. स्वयंचलित मारा करताना एम४ मिनिटाला ७०० ते ९५० गोळ्यांच्या गतीनं चालते. आठशेची गती धरली तर सेकंदाला तेरा फेऱ्या, एका फेरीला ७५ मिलिसेकंद. एवढ्या वेळात बोल्ट साडेबावीस अंश फिरून दात सोडवतो, रिकामी पुंगळी खेचून बाहेर फेकतो, मागे जातो, परत येताना नवं काडतूस उचलतो, चेंबरमध्ये ढकलतो आणि पुन्हा साडेबावीस अंश फिरून कुलूपबंद होतो. कॅरिअरची एक खेप साधारण नऊ सेंटिमीटरची. दहा हजार गोळ्या म्हणजे वीस हजार खेपा. एक इंची बोगद्यात धातूवर धातू घासत तो जवळपास दोन किलोमीटर चाललेला असतो.

धातूच्या पोटात

चांगला अपर ७०७५-टी६ या मिश्रधातूचा असतो. ॲल्युमिनियममध्ये साडेपाच-सहा टक्के जस्त, दोन-अडीच टक्के मॅग्नेशियम, दीडेक टक्के तांबं. हा मिश्रधातू १९३०च्या दशकात जपानच्या सुमितोमो कंपनीनं गुप्तपणे विकसित केला आणि त्यातून ‘झिरो’ लढाऊ विमानाचे भाग बनले. हाती लागलेल्या विमानाच्या धातूचं पृथक्करण करून अमेरिकेच्या अल्कोआनं १९४३मध्ये आपली आवृत्ती काढली.

‘टी६’ ही त्याच्या उष्ण संस्काराची खूण. धातू पावणेपाचशे अंशांच्या आसपास तापवायचा, झटक्यात थंड करायचा, मग १२० अंशांना सुमारे चोवीस तास ठेवायचा. या चोवीस तासांत जस्त आणि मॅग्नेशियमचे सूक्ष्म कण धातूभर उगवतात. प्रत्येक कण काही नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले काही भाग. धातूचे थर एकमेकांवरून घसरू लागले की हे कण आडवे येतात. परिणाम असा की ७०७५-टी६ सुमारे ५०० मेगापास्कल ताण येईपर्यंत कायमचा वाकत नाही. स्वस्त अपरमध्ये आढळणाऱ्या ६०६१-टी६ची हीच मर्यादा २७६ मेगापास्कलची आहे. पत्रकावर ‘विमानाच्या दर्जाचं ॲल्युमिनियम’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. मिश्रधातूचा क्रमांक आणि संस्काराची खूण, दोन्ही विचारावीत.

मग येते फोर्जिंग. तापलेला धातू साच्यांमध्ये प्रचंड दाबानं ठोकला की त्याच्या आतले तंतू तुकड्याच्या आकाराबरोबर वळतात, तुटत नाहीत. अमेरिकेत असे कच्चे अपर ठोकणारे कारखाने मोजकेच आहेत आणि त्यांच्याकडून कित्येक ब्रँड माल घेतात. फोर्जिंगवर उमटलेली छोटी खूण ओळखता आली तर वेगवेगळ्या किमतीचे दोन अपर एकाच कारखान्यातून आलेले सापडतात. म्हणून नुसतं नाव किंवा किंमत बघून दर्जा ठरत नाही. कच्चा तुकडा एकच असला तरी त्याच्यावर पुढे यंत्रावर काय घडलं, तिथे खरा फरक पडतो.

पन्नास मायक्रॉनचं कवच

ॲल्युमिनियम मऊ. पोलादी कॅरिअरनं दोन किलोमीटर घासलं तर ते उरणार नाही. म्हणून त्याला हार्ड ॲनोडायझिंग करतात. शून्य अंशाजवळ ठेवलेल्या गंधकाम्लाच्या टाकीत तुकडा बुडवून वीज सोडली की पृष्ठभागाचं ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये बदलत जातं. माणिक आणि नीलम हीही रासायनिकदृष्ट्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच. हा थर घडताना त्यात आपोआप उभी छिद्रं तयार होतात. एका चौरस सेंटिमीटरमध्ये अब्जावधी, आणि प्रत्येकाची रुंदी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. त्यांत काळा रंग भरायचा आणि छिद्रं बंद करायची. आपल्याला दिसतो तो रंग त्या छिद्रांच्या पोटातला असतो.

या थराची नेहमीची जाडी ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. यात यंत्रकाम करणाऱ्याची खरी परीक्षा आहे. थराचा अर्धा भाग धातूत आत जातो, अर्धा बाहेर वाढतो. म्हणजे भोकाच्या प्रत्येक भिंतीवर २५ मायक्रॉन चढतात आणि व्यास ५० मायक्रॉननं कमी होतो. अंतिम माप बरोबर यायचं तर भोक आधीच तेवढं मोठं ठेवावं लागतं. टाकीत तापमान किंवा वेळ चुकली, थर ७० मायक्रॉनचा झाला, तर व्यास आणखी २० मायक्रॉननं घटतो आणि बिनचूक कापलेला तुकडा नापास होतो. कापणारा आणि थर चढवणारा बहुतेकदा वेगवेगळे असतात. या दोघांमध्ये किती एकवाक्यता आहे, ते अपरच्या पोटात उतरतं.

तोंड सरळ आहे का?

अपरच्या पुढच्या तोंडावर नळीची कड टेकते आणि बाहेरून नट आवळला जातो. हे तोंड आतल्या बोगद्याशी अचूक काटकोनात हवं. समजा, तीस मिमी रुंदीच्या त्या तोंडाची एक बाजू २५ मायक्रॉननं उंच राहिली. बोटाला जाणवणार नाही, डोळ्याला दिसणार नाही. पण नळीचा रोख तेवढ्यानं बदलतो. त्रैराशिक मांडलं तर शंभर मीटरवर आठ सेंटिमीटर, तीनशे मीटरवर पंचवीस.

दुर्बिणीच्या चकत्या फिरवून हा फरक भरून काढता येतो, हे खरं. पण त्यानं तोंड सरळ होत नाही. नळी एकाच बाजूला टेकलेली राहते आणि तापली की तिचा रोख सरकू शकतो. म्हणून जाणकार कारागीर तोंडावर निळी शाई लावून दांड्यावर फिरणाऱ्या चकतीनं हलकेच घासतात. शाई सगळीकडून सारखी गेली तर तोंड सरळ. एका कडेलाच गेली तर फोर्जिंग कुठलं आणि रंग कसा, या गोष्टींना अर्थ उरत नाही. नट आवळण्याची मर्यादाही ठरलेली आहे, ४१ ते १०८ न्यूटन-मीटर. पट्टा मोठा आहे, कारण कॅरिअरला मागे ढकलणारा वायू आणणारी बारीक नळी ज्या भोकातून जाते ते नटाच्या खाचेशी जुळेपर्यंत आवळत न्यायचं असतं.

आता उष्णता. तापमान एका अंशानं वाढलं की ॲल्युमिनियम मीटरमागे सुमारे २४ मायक्रॉन वाढतं, पोलाद बारा. एक इंची भोकात पोलादी कडं बसलं आहे आणि सलग माऱ्यानं दोन्ही शंभर अंशांनी तापले, तर भोक ६० मायक्रॉननं फुगतं आणि कडं फक्त ३०नं. थंड असताना हातानं सहज सरकणारी बसवणूक तापल्यावर आणखी ३० मायक्रॉन सैल होते. म्हणूनच काही कारखाने भोक मुद्दाम किंचित लहान ठेवतात. अपर तापवायचा, नळी सरकवायची आणि थंड होऊ द्यायचं.

वीस अंशांचा नियम

मायक्रॉनवर बोलायचं तर मोजमापाचा पाया पक्का हवा. अपरची लांबी सुमारे वीस सेंटिमीटर. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तो वीस अंशांच्या मापापेक्षा सुमारे ९५ मायक्रॉननं लांब भरेल, काहीही न बिघडता. म्हणून जगभर लांबीची मापं २० अंश सेल्सियसला मोजायची असा संकेत १९३१मध्ये ठरला. पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत मापनाची खोली बारा महिने गार ठेवतात, ती यासाठीच.

अचूक मापनाचं हे शास्त्र बऱ्याच अंशी बंदुकांच्याच कारखान्यांत वाढलं. १७८५मध्ये ऑनोरे ब्लांक या फ्रेंच कारागिराकडे थॉमस जेफरसन गेले, तेव्हा त्यांच्यापुढे पन्नास बंदुकांच्या चापांचे सुटे भाग ठेवले होते. जेफरसन यांनी हाताला येईल तो भाग उचलून स्वतः काही चाप जोडले आणि ते जुळले. स्वीडनमध्ये एस्किल्स्टुनाच्या रायफल कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांना १८९६च्या सुमारास एक कल्पना सुचली. प्रत्येक मापाला वेगळा गेज बनवण्याऐवजी १०२ पोलादी ठोकळ्यांचा संच करायचा. ते ठोकळे एकमेकांना चिकटवून १ ते २०१ मिमीपर्यंत दर शंभरांश मिलिमीटरला एक माप मिळतं. १०२ ठोकळे, वीस हजार मापं.

बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागेपुढे उरणारी जागा, हेडस्पेस, ‘गो’ (बोल्ट बंद व्हायला हवा) आणि ‘नो गो’ (बंद होता कामा नये) गेजनं तपासतात. किमान मापापासून रायफल सेवेतून काढायच्या मापापर्यंतचं अंतर पाव मिलिमीटरहूनही कमी आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ५.५६ मिमीची काडतुसं बनतात, ती ज्या रायफलीत जातात ती घडते दुसऱ्याच राज्यात. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन कारखान्यांनी या पाव मिलिमीटरच्या आत एकमेकांना गाठायचं असतं.

शंभर मापांचं गणित

समजा, नळी आणि बोल्टसह जोडलेल्या अपरवर शंभर मापं महत्त्वाची आहेत आणि प्रत्येक माप ९९ टक्के वेळा बरोबर येतं. ९९ टक्के म्हणजे उत्तम वाटतं. पण सगळीच्या सगळी मापं बरोबर असलेले अपर शंभरात फक्त ३७ निघतील. प्रत्येक माप ९९.९ टक्के वेळा साधलं तर ९०. शंभरात ९९ निर्दोष हवेत, तर प्रत्येक मापाला दहा हजारांत एकच चूक परवडते. टक्क्याचा हा शंभरावा भाग मिळवण्यातच कारखान्याचा पैसा आणि वेळ जातो, आणि गिऱ्हाइकाला तो दिसत नाही.

तो रणांगणावर दिसतो. व्हिएतनाममध्ये पहिल्या एम१६ रायफली पोचल्या, तेव्हा त्यांच्या चेंबरवर क्रोमियमचा मुलामा नव्हता. दमट हवेत चेंबर गंजले, पुंगळ्या अडकल्या. दारूचा प्रकार बदलल्यानं माऱ्याची गती वाढली आणि अडचण आणखी चिघळली. अडकलेली रायफल हाती घेऊन सैनिक मेले. अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीनं ऑक्टोबर १९६७च्या अहवालात सैन्याच्या कारभारावर कठोर ठपका ठेवला. पुढे क्रोमियमचा तो पातळ मुलामा कायमचा आला.

२००७च्या शरद ऋतूत अमेरिकी लष्करानं अबरडीन इथे धुळीची चाचणी घेतली. चार प्रकारच्या रायफली, प्रत्येकी दहा, प्रत्येक रायफलीला सहा हजार गोळ्या, म्हणजे प्रकारामागे साठ हजार. एम४ ८८२ वेळा अडली, एचके४१६ २३३ वेळा, स्कार २२६ वेळा, एक्सएम८ १२७ वेळा. एम४चा हिशेब ६८ गोळ्यांमागे एक अडथळा असा येतो. तीस गोळ्यांचं मॅगझिन न अडता रिकामं होण्याची शक्यता ६४ टक्के. एचके४१६ची ८९ टक्के, आणि तिची मूळ कल्पनाच एम४च्या खालच्या भागावर नवा अपर बसवण्याची होती.

पण घाईनं निकाल देऊ नये. एम४च्या ८८२ अडथळ्यांपैकी २३९ मॅगझिनच्या खात्यावर होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातल्या चाचणीत हीच एम४ ३०७ वेळाच अडली होती. तीच रचना, काही महिन्यांचं अंतर आणि जवळजवळ तिप्पट फरक. एका नगाची एक चाचणी फार थोडं सांगते. दर्जा कळतो तो पुन्हा पुन्हा मोजल्यावर. चांगल्या बोल्टवर आणि नळीवर म्हणूनच दोन तपासण्यांच्या खुणा असतात. नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसानं घेतलेली परीक्षा ही एक, आणि चुंबकीय कणांनी सूक्ष्म भेगा शोधणं ही दुसरी. प्रत्येक नगाची तपासणी झाली की गठ्ठ्यातून एखादाच उचलून झाली, हे जरूर विचारावं.

भारतानं २०१९मध्ये याच घराण्यातल्या, पण ७.६२ मिमीच्या, ७२,४०० सिग७१६ रायफली मागवल्या आणि २०२४मध्ये आणखी ७३,०००. एकूण १,४५,४००. इतक्या मोठ्या संख्येत हजारात एक दोष म्हणजे १४५ जवान. सदोष रायफल आपल्याच हातात आली आहे, हे त्यांतल्या एकालाही आधी कळायचा मार्ग नसतो. ते कळू शकतं फक्त मापनाच्या त्या गार खोलीत, गेज हातात धरलेल्या माणसाला. म्हणून अपर पारखताना रंग आणि नाव बाजूला ठेवावं आणि बनवणाऱ्याला एकच आकडा मागावा: किती तुकडे मोजले आणि त्यांतले किती नापास केले? नापास केलेल्यांचा आकडा ज्याला ठामपणे सांगता येतो, त्यानं पास केलेल्या तुकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.